ओढ्यात सुटलेले बूट

माझं घर बोरिवलीला, नणंदेचं नाहूरला, आणि मध्ये अख्खं जंगल. इतकी वर्षं एकमेकींकडे जायचं ते त्याला वळसा घालून. गेल्या हिवाळ्यात नॅशनल पार्कातल्या लांबच्या डोंगरवाटेवर गाईडबरोबर एक गट जाणार होता. मी काही म्हणायच्या आत तिने दोघींची नावं देऊन टाकली.

"वहिनी, बूट आहेत ना तुझ्याकडे?"

होते. मुलगा शाळेत असताना घेतलेले, तेव्हापासून माळ्यावरच.

सुरुवात झकास झाली. वाट चालणाऱ्यांची, तशी सायकलवाल्यांचीही. मागून घंटी वाजली की आम्ही करवंदीच्या जाळीत शिरायचो. पुढे कोरडा ओढा लागला, नुसते धोंडे. तिथे माझ्या उजव्या बुटाचा सोल सुटला आणि पावलागणिक आ वासायला लागला.

नणंद मटकन खालीच बसली. "अगं, तो बोलतोय! काय म्हणतोय बघ तरी!"

"हसू नकोस गं," मी म्हटलं, आणि तेवढ्यात डावाही सुटला. मग मीही बसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गाईड ओठांवर बोट ठेवून परत आला. झाडावर कुठलासा दुर्मीळ पक्षी होता म्हणे, आमच्यामुळे उडाला. आम्ही तोंडात ओढण्या कोंबल्या. काही उपयोग झाला नाही.

इतक्यात खांद्यावर सायकल घेऊन पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ ओढा चढून आले. माझे पाय बघून थांबले. "ताई, असं चालाल तर वाट लागेल." पिशवीतून फाटकी ट्यूब काढून त्यांनी तिच्या पट्ट्या कापल्या आणि दोन्ही बूट करकचून बांधून दिले. मग धापा टाकत म्हणाले, "आता माझी सायकल कोण उचलतंय?"

नणंदेने मागचं चाक धरलं, मी पुढचं. तिघांनी मिळून ती नवरीसारखी मिरवत वर नेली.

माथ्यावर भन्नाट वारा. खाली तलाव, आणि झाडीच्या दोन्ही बाजूंना इमारती.

"ते माझं घर," ती म्हणाली.

"आणि ते माझं."

धुरक्यात सगळे टॉवर सारखेच दिसत होते. तरी मी तिच्या सासूला हात हलवला, तिने आपल्या भावाला.

उतरताना पायांना ब्रेकच लागेना. हात धरून धावत सुटलो, पन्नाशीच्या दोघी, किंचाळत. मागून गाईड "हळू, हळू!" करत होता, पण हसू त्यालाही आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला जिना उतरवेना. तिला फोन केला.

"उलटी उतर," ती म्हणाली. "मी सकाळपासून तेच करतेय. शेजारी बघतायत."