बॉनेटवरचं अर्धं स्वस्तिक

“त्याले हात लावू नका बाप्पा!”

काकू एवढ्या जोरात ओरडल्या, की मी हातातली फोम गन खाली ठेवली. गाडीवर साबणाचा फेस मारायला आम्ही ही गन वापरतो. तिला घाबरलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होते.

गाडी नवी कोरी, पांढरी. बॉनेटवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवानं काढलेलं ठसठशीत स्वस्तिक, वर चिकटलेल्या अक्षता. अशी स्वस्तिकं आमच्याकडे आठवड्याला चार येतात. या स्वस्तिकाचा एक हात मात्र पुसलेला होता. तोही धड नाही. गुलाबी फराटे उठले होते आणि त्यात बारीक चरे दिसत होते.

“अर्धं पुसलेलं स्वस्तिक म्हणजे अपशकुन,” काकूंनी निकाल दिला. “मी नाई बसत या गाडीत. परवा लग्नाले मी यष्टीनं जाईन.”

काकू अमरावतीच्या. मुलगा अनिकेत इथं पुण्यात, वाघोलीला राहतो, आयटीत आहे. घराण्यातली ही पहिली गाडी. परवा पहाटे आईला शेजारच्या सीटवर बसवून अमरावतीला न्यायचं, सगळ्या नातेवाइकांसमोर दारात उतरवायचं, एवढ्यासाठी त्यानं लग्नाच्या आधी गाडीची डिलिव्हरी मिळवली होती. आणि आई एसटीचं टाइमटेबल विचारत होती. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

त्याला गाडीवर सिरॅमिक कोटिंग हवं होतं. हे काय असतं ते सांगते. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो केसापेक्षाही पातळ असतो आणि बहुतेक चरे त्यातच पडतात. सिरॅमिक कोटिंग हे एक द्रव असतं. ते या थरावर लावलं की कडक होतं, मग पाणी आणि धूळ टिकत नाही. पण कोटिंगच्या खाली जे राहील ते तिथंच बंद होतं. डाग राहिला तर डागच चकचकीत दिसतो. म्हणून आधी गाडी धुवायची, मशीननं पॉलिश करायची, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, आणि मगच कोटिंग.

“काकू, हे पुसावंच लागेल,” मी म्हटलं. “हळद उन्हानं उडते. पण आजकालच्या कुंकवात केमिकल रंग असतो. तेलाबरोबर तो क्लिअर कोटमध्ये मुरतोय. आणखी आठ दिवसांनी बॉनेटला कायमची गुलाबी सावली राहील.”

“राहू द्या. पुसू नका, उरलेलं भरा.”

“भरून त्यावर कोटिंग होत नाही.”

“मंग नका करू.”

एकंदरीत प्रकरण संपलंच होतं. वर्कशॉपचे मालक इक्बालभाई मार्केट यार्डाच्या मागच्या या गल्लीत तीस-एक वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतायत. भांडणारं गिऱ्हाईक दिसलं की त्यांना चहा आठवतो.

“अहो काकू, या, आत बसा. चहा घेऊ. गाडी कुठं पळून जात नाही, चावी माझ्याकडे आहे.”

काकू आत गेल्या. जाता जाता कोणी पुसलं तेही त्यांनी आम्हाला सांगून टाकलं. सोसायटीतल्या गाड्या धुणारा सुरेश. “अनिकेतच म्हणे, सुरेशनंच पुसलं. मी सकाळी त्याले चांगली झाडली. पुसासाठी याले आपलीच गाडी सापडली! सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, त्याले आजपासून गेटात घ्यायचं नाई.”

अनिकेत बुटांकडे बघत उभा राहिला.

मला तेव्हाच थोडं खटकलं होतं. रोज गाड्या धुणारा माणूस ओलं फडकं फिरवतो. त्याचे चरे गोल असतात आणि सगळ्या गाडीभर असतात. इथं चार-पाच सरळ, कोरडे, घाबरट फराटे होते, ते पण एकाच जागी. कोणीतरी कोरड्या फडक्यानं घासलं होतं, तांदळाचे दाणे फडक्याखाली सापडून करकर झाली होती आणि हात जागीच थांबला होता. वीस गाड्या धुणाऱ्याला असं घाबरून मध्येच थांबायला वेळ नसतो.

चहानं काकू विरघळतील या आशेवर मी गाडी रिकामी करायला घेतली. आम्ही ती नेहमीच करतो, म्हणजे नंतर “माझा गॉगल कुठं गेला” हा प्रश्न येत नाही. ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात मला एक पिवळं फडकं मिळालं. नव्या गाडीबरोबर शोरूमवाले देतात ते. घडी उलगडली तर आत गुलाबी रंग आणि दोन अक्षता.

मी ते अनिकेतसमोर धरलं. त्यानं डोळे मिटले.

“पार्किंगमध्ये सगळे विचारत होते, कोटिंगच्या आधी पुसलं नाहीस का. आई तर पुसू देणार नाही. म्हटलं गुपचूप पुसावं, आईला सांगावं आपोआप गेलं. पण चार-पाचदा घासलं आणि चरे दिसले. मग हिंमत झाली नाही.”

“आणि सुरेश?”

“आईनं विचारलं, कोणी केलं. तोंडातून निघून गेलं.”

“अहो, तुमच्या तोंडातून नाव निघून गेलं, पण त्याची एका सोसायटीतली सगळी कामं गेली की!” मी चिडले होते आणि ते लपवायचं काही कारण नव्हतं. “चरे मी काढीन. हे मला काढता येणार नाही. तुम्ही सांगताय का मी सांगू?”

“मॅडम, ती मग माझ्याशी बोलणारही नाही.”

“आता तरी कुठं बोलतीये? एसटीचं टाइमटेबल विचारतीये.”

तो आत गेला. मी फडकं हातात घेऊन मागे उभी राहिले, नाहीतर तो दारातून परत फिरला असता. इक्बालभाईंनी एकदा फडक्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःचा कप घेऊन बाजूला सरकले.

“आई, स्वस्तिक मी पुसलं.”

काकूंनी बशी खाली ठेवली. “तू?”

“हो.”

“मंग सुरेशचं नाव काहून घेतलं?”

“तुझी भीती वाटली.”

“माई भीती! अन् त्या लेकरावाल्या माणसाले मी सकाळी चार लोकात काय काय बोलली, त्याचं? लाव फोन. आताच लाव. अन् मोठ्यानं ठेव, मले बी ऐकू आलं पायजे.”

अनिकेतनं फोन स्पीकरवर टाकला आणि माफी मागितली. अडखळत मागितली, पण पूर्ण मागितली. काकूंनीही मागितली. पलीकडे बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या कुठल्या तरी बिल्डिंगमध्ये त्याचं काम चालू असणार.

“साहेब, मी सकाळीच सांगत होतो,” सुरेश म्हणाला. “मी पुसलं असतं, तर पूर्ण निघालं असतं.”

इक्बालभाईंना ठसका लागला. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अनिकेतनं तिथंच बसून सोसायटीच्या ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. काकूंनी ते चष्मा लावून वाचलं, “भीती वाटली” हे वाक्यही घालायला लावलं, आणि मगच पाठवू दिलं.

मला वाटलं, आता स्वस्तिकाचा वाद पुन्हा पहिल्यापासून. तर काकूच म्हणाल्या, “हा काई अपशकुन नाई. हा पोट्ट्याचा आगाऊपणा हाये. अपशकुन दुसऱ्याच्या हातानं होते.”

हे शास्त्र मी पहिल्यांदा ऐकलं, पण वाद घातला नाही. उलट संधी साधली. “काकू, गणपती आपण पुसून टाकतो का? विसर्जन करतो. तसंच करू. पहिलं पाणी तुम्ही घाला.”

त्यांना ते पटलं. इक्बालभाईंनी धुतलेला मग आणला, त्यात डिस्टिल्ड वॉटर भरलं. साध्या पाण्याचे डाग पडतात, हे त्यांनी काकूंना गंभीरपणे समजावलं. काकूंनी हात जोडले, ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि बॉनेटवर पाणी सोडलं. अक्षता घरंगळत खाली आल्या. त्या त्यांनी वेचून पदरात बांधल्या.

पुढचं काम माझं. आधी भरपूर फेस आणि पाणी, घासायचं अजिबात नाही. कोरडं कुंकू घासणं म्हणजे रंगावर वाळू घासणं. मग तेल काढणारं सोल्युशन. तरी गुलाबी सावली उरलीच. ती मशीननं पॉलिश करत काढली. क्लिअर कोट प्रत्येक वेळी किंचित झिजतो, म्हणून मध्ये मध्ये गेज लावून जाडी मोजायची आणि हावरटपणा करायचा नाही. सावली गेली, चरेही गेले. एक चरा खोल होता. त्याच्या कडा बोथट करून मी तो सोडून दिला आणि अनिकेतला बोट ठेवून दाखवला. तो काढायच्या नादात रंगच उघडा पडला असता. कोटिंगच्या वेळी शटर खाली ओढलं, कारण आमच्या गल्लीत कांद्याची टरफलं कुठूनही उडत येतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेक गाडी न्यायला आले. काकूंच्या हातात कुंकवाची डबी बघून मी बॉनेटसमोर आडवी उभी राहिले.

“काकू, आठवडाभर कोटिंगला काहीही लावायचं नाही. पाणीसुद्धा नाही.”

“माईत हाये मले. कायले घाबरता?” असं म्हणत त्यांनी अनिकेतला खाली वाकवलं आणि त्याच्या कपाळावर चांगला रुपयाएवढा टिळा लावला. “गाडी काई सोताहून जात नाई. चालवते हा. याच्यावर लक्ष पायजे देवाचं.”

मग पुढचं दार उघडून त्या बसल्या, बेल्ट ओढला आणि तो कुठं अडकवायचा हे मुलाला विचारलं.

माझ्या धंद्याचा सल्ला एवढाच. नव्या गाडीचं हळदीकुंकू आठवड्याच्या आत भरपूर पाण्यानं काढा, कोरडं फडकं लावू नका. आणि लावलंच, तर गाडी आमच्याकडे आणताना आधी घरी खरं काय ते सांगून या. पॉलिश लवकर होतं.