डिझेल गाडी पीत होती

परसराम राठोड गेल्याची बातमी मला शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर कळली. ‘आपल्या संस्थेचे प्रामाणिक व निष्ठावान वाहनचालक परसराम राठोड यांचे हृदयविकाराने दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. संदेश पाठवणारे होते संस्थेचे सचिव. मी ‘प्रामाणिक’ या शब्दावर अडकले ते अडकलेच. याच सचिवांनी अकरा वर्षांपूर्वी भरसभेत परसरामभाऊंना चोर म्हटलं होतं. रडू नंतर आलं, आधी संताप आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मानोऱ्याजवळच्या आमच्या निवासी शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि परसरामभाऊ शाळेची जुनी डिझेल गाडी चालवायचे. शेजारच्याच तांड्यावरचे. किराणा आणायचा, आजारी पोरांना वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं, ही त्यांची कामं. एकदा पाचवीतल्या एका मुलीला साप चावला. मी मागच्या सीटवर तिला धरून बसले होते, ‘लवकर चला’ एवढंच म्हणत होते. भाऊ मात्र रस्त्यावरची नजर न काढता तिला घरच्या शेळ्यांची नावं विचारत राहिले. एक सांगून झालं की दुसरीचं. दवाखाना येईपर्यंत त्यांनी तिचे डोळे मिटू दिले नाहीत. ती मुलगी आज स्वतः नर्स आहे.

मग त्या गाडीचं मायलेज पडलं. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी दहावर आली. गाडी जुनी होती, कारणं शोधायला हवी होती, पण शोधणार कोण? माणसावर बोट ठेवणं सोपं. पालकसभेच्या दिवशी, शे-सव्वाशे लोकांसमोर, सचिवांनी भाऊंच्या हातून किल्ली काढून घेतली आणि माईकवरून सांगितलं की पोरांच्या गाडीतलं डिझेल विकणारा माणूस आम्हाला नको. भाऊंची बायको शेवंताबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. मी दुसऱ्या रांगेत बसले होते... आणि बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या घरी आले. आवाज चढलेला नव्हता. “ताई, डिझल गाडी पेऊन राह्यली. कायले पेते, ते तुमी माह्यासंग पाहा. तुमी सायन्सच्या हाय.” मी हो म्हटलं, पण गाडी हातात कुठे होती? तिच्यावर आता सचिवांचा मेहुणा चालक म्हणून आला होता. आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं... त्याच्या हातीही गाडी लिटरला दहाच देत होती! चोर गेला, मग चोरी का थांबली नाही? हा साधा प्रश्न संस्थेतल्या एकालाही पडला नाही, आणि मेहुण्याला कोणी चोर म्हटलं नाही.

अखेर आमच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या जबाबदारीवर एका रविवारी किल्ली दिली. भाऊंनी आधी एअर फिल्टर काढला. मुरुमाच्या रस्त्याची धूळ बसून तो पार गच्च झाला होता. मग पाचेक किलोमीटर जाऊन त्यांनी गाडी थांबवली आणि मला एकेका चाकाजवळ हात न्यायला लावला. तीन चाकं कोमट होती, मागचं उजवं इतकं तापलेलं की हात टेकवेना. जॅकवर उचलून फिरवलं तर ते फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेक सतत घासत होता. या ब्रेकचं काम करा, असं भाऊंनी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून त्यांना परत पाठवलं होतं.

केबल मोकळी केली, फिल्टर बदलला, टाकी काठोकाठ भरली आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. परतून टाकी पुन्हा भरून हिशोब केला, तर लिटरला तेरा आले. मला ते पुरेसे वाटले, भाऊंना नाही. ते टायरकडे पाहत उभे राहिले. जुने टायर झिजले तेव्हा, म्हणजे भाऊ कामावर असतानाच, सचिवांच्या याच मेहुण्याने गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मापापेक्षा मोठे टायर बसवून आणले होते. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर फेरे मोजतो. मग आम्ही मंगरूळपीरच्या रस्त्याने किलोमीटरचे दगड मोजत गेलो. वीस दगड मागे पडले तेव्हा मीटर साडेअठरा दाखवत होता. म्हणजे गाडी चालत होती जास्त, दाखवत होती कमी. दगडांच्या हिशोबाने लिटरला चौदा पूर्ण भरले. भाऊ रस्त्याच्या कडेला बसले आणि गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड खुपसून रडले.

सगळं लिहून, मी आणि मुख्याध्यापकांनी सही करून, कागद सचिवांना दिला. त्यांनी टायर बदलून घेतले. गाडी दुरुस्त झाली. माणसाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, झालं ते झालं, आता कशाला उकरता? भाऊ दारातच उभे होते. त्यांनी एवढंच म्हटलं, “मले नोकरी नको, साहेब. ज्या लोकायसमोर चोर म्हटलं, त्याच लोकायसमोर नाही म्हणा. बस.” ते म्हटलं गेलं नाही. पुढे भाऊ पोहरादेवीच्या रस्त्यावर दुसऱ्याची प्रवासी जीप चालवायचे. डिझेल भरायला जाताना जीपच्या मालकाला दरवेळी सोबत यायला लावायचे. का, हे मालकाला कधी कळलं नाही. मला कळत होतं.

शाळेने शोकसभा ठेवली. टेबलावर भाऊंचा फोटो, त्याला हार, समोर तेच पालक, आता केस पिकलेले. सचिव निष्ठेवर बोलले. ते खाली बसले तशी मी उठले. गंजलेली केबल, मोठे टायर, वीस दगड... सगळं नावानिशी सांगितलं. मी त्या दिवशी गप्प बसले होते, हेही सांगितलं. ही वेळ नाही, असं सचिव मध्येच म्हणाले. मी थांबले नाही.

मग शेवंताबाई उठली. तिने फोटोवरचा हार काढून सचिवांच्या पुढ्यात ठेवला, काच पदराने पुसली आणि फोटो छातीशी धरला. “याईले इथं नाही ठेवत. घरी नेतो म्या.”

तो फोटो आता तांड्यावरच्या घरात, बाहेरच्या खोलीत, दारातून आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला समोरच दिसेल असा लावलेला आहे.