पान ऐंशीनंतर पुन्हा पासष्ट

"मॅडम, पुस्तकात ऐंशी पानानंतर परत पासष्ट येतंय."

फोन मोहन्याहून होता, शेडगेकाकांचा. मी ठाण्याच्या ऑफिसात नुकतीच पोचले होते, अजून पर्सही खाली ठेवली नव्हती. त्यांचं पुस्तक बाजारात येऊन महिना झाला होता. मी म्हटलं, काका, तुमच्याकडच्या प्रती तर नीट आहेत ना? ते म्हणाले, माझ्या नीट आहेत. काल डोंबिवलीला रेगेबाईंकडे गेलेलो, त्यांच्या प्रतीत तसं आहे. ऐंशीनंतर परत पासष्ट ते ऐंशी, आणि मग एकदम सत्त्याण्णव. मधली सोळा पानं नाहीतच.

मी म्हटलं, एखादी प्रत तशी निघते, बदलून देऊ. हे वाक्य मला झोपेतही म्हणता येतं. काका म्हणाले, "ती सोळा पानं म्हणजे नामदेवचं प्रकरण, मॅडम. रेगेबाईंनी तर रिव्ह्यूत त्याच्याबद्दल लिहिलंय."

मी फोन ठेवला आणि पर्स खाली ठेवून त्या पुस्तकाची फाइल शोधायला उठले.

मी एका छोट्या प्रकाशनसंस्थेत प्रसिद्धीचं काम बघते. वीसेक वर्षं झाली. पुस्तक छापणं सोपं असतं. ते आलंय हे लोकांना कळवणं अवघड. नवीन लेखकाला कोणी ओळखत नाही. वर्तमानपत्रात जागा नाही. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक आधी तारे बघतं, मग खालचे चार रिव्ह्यू, आणि तिथे काहीच नसेल तर पुढे सरकतं. म्हणून मी एक ग्रुप काढला. नाव 'पानोपानी'. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे तीस-बत्तीस लेखक. नियम एकच : तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहायचं, मग तुमच्या पुस्तकावर दुसरे लिहितील. लेखकांनी लेखकांना हात द्यायचा. कल्पना चांगली होती, असं मला अजूनही वाटतं.

मग मी त्यात टिपण आणलं. लोक म्हणायचे, मॅडम, नोकरी सांभाळून तीनशे पानं कधी वाचायची? म्हणून प्रत्येक प्रतीबरोबर मी एक पानी टिपण पाठवायला लागले. पुस्तक कशाबद्दल आहे, लेखक कोण, कोणती प्रकरणं विशेष आहेत, दोन-तीन वाक्यं उचलायला तयार. पंधरा दिवसांत दहा-बारा रिव्ह्यू यायला लागले. आमचे मालक नाडकर्णी सर खूश. इतर प्रकाशक मला विचारायचे, तुम्ही हे जमवता कसं? मी जरा नम्रपणे हसायचे. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

शेडगेकाकांच्या पुस्तकाचं नाव 'भोंगा वाजला की'. मोहन्याच्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या आठवणी. मूळ गाव साताऱ्याकडचं, दुष्काळी भागातलं. टिपणात मी लिहिलं होतं : 'धाकट्या भावाचं प्रकरण विशेष चटका लावून जातं.'

ते प्रकरण मी वाचलं नव्हतं. एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. पहिली वीस पानं वाचली होती, अनुक्रमणिका पाहिली होती, आणि आमच्या संपादकाने मेलमध्ये 'भावाचं प्रकरण स्ट्राँग आहे' असं लिहिलं होतं. बाकी मी बनवलं. वर माझ्या स्वतःच्या नावाने पाच तारे आणि सात ओळी टाकल्या.

कपाटातून फाइल काढली. अकरा रिव्ह्यू आले होते. सात जणांनी भावाचं प्रकरण चटका लावून गेल्याचं लिहिलं होतं, दोघांचे तर डोळे पाणावले होते. मग मी त्या सातांपैकी दोघांना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं करून पान ऐंशी उघडायला लावलं. दोन्हीकडे पुढे पासष्ट.

मानपाड्याला आमचा बाइंडर आहे, कदम. त्याला विचारलं. पुस्तक छापताना पानं सुटी छापत नाहीत; मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फॉर्म म्हणतात. बाइंडरकडे टेबलावर फॉर्मचे ढीग ओळीने लावलेले असतात, पहिला, दुसरा, तिसरा, आणि बायका एकेक उचलत पुढे जातात. पुस्तक असं गोळा होतं. पाचव्या फॉर्मचा ढीग चुकून सहाव्याच्या जागीही लागला, की पाचवा दोनदा आणि सहावा गायब. पहिल्या पंचवीस प्रतींना नेमकं तेच झालेलं. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि पुढच्या प्रती नीट निघाल्या. त्या पंचवीस मात्र, मला घाई होती म्हणून, कदमकडूनच थेट कुरिअरने ग्रुपला गेल्या होत्या. ऑफिसात एकही उघडली गेली नाही.

मी कदमवर आवाज चढवला. चढवताना बरं वाटत होतं, हेही खरं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चूक आमची, मॅडम. पण महिना झाला की. एवढ्या लोकांत कोणालाच दिसली नाही?"



नाडकर्णी सरांना सांगितलं. ते सत्तरीचे आहेत, शांत माणूस. म्हणाले, "बाइंडिंगची चूक आहे. पत्र पाठव, प्रती बदलून दे. रिव्ह्यूंचा विषय काढायचं कारण नाही."

"सर, जे छापलंच नव्हतं ते वाचून लोक रडलेत."

"वैशाली, तो ग्रुप तू काढलास. तोंडघशी पडशील ती तूच."

त्यात धमकी नव्हती. काळजीच होती. म्हणून जास्त लागलं.

दुपारी जेवणाचा डबा न उघडता मी एक नीट प्रत घेतली आणि एक्क्याऐंशीव्या पानापासून वाचायला लागले. चौदा-पंधरा पानांचं प्रकरण. काकांना कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या मिळालेल्या. गावाहून धाकटा भाऊ नामदेव कामाच्या शोधात आला आणि वर्षभर राहिला. काकींना दिवस गेलेले, सासूबाई यायच्या होत्या, जागा पुरेना. काकांना तोंडावर जा म्हणवेना. म्हणून त्यांनी सांगितलं की कारखान्याचा नवा नियम आलाय, क्वार्टरमध्ये बाहेरच्या माणसाला ठेवता येत नाही, आत येऊसुद्धा देत नाहीत. असा नियम नव्हता. नामदेवने एका शब्दाने विचारलं नाही. चादरीची घडी घातली आणि गेला.

दोन वर्षांनी दिवाळीत तो आला. सुरतेला काम लागलं होतं. बाळासाठी कपडे आणि मिठाईचा पुडा घेऊन आला आणि वसाहतीच्या गेटबाहेर उभा राहिला. आत येऊ देत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि भावाला त्रास नको. काकांची पाळी सुटेपर्यंत थांबणार होता, पण त्या दिवशी काकांनी डबल पाळी घेतली होती. संध्याकाळी एका शेजाऱ्याच्या हाती पिशवी देऊन तो परत गेला. गेटवर त्याला कोणीही अडवलं नसतं. त्यानंतर तो भेटला नाही. पत्रं परत आली.

प्रकरणाच्या शेवटी एवढंच होतं : 'घर लहान होते हे खरे. पण मी खोटे बोललो हेही खरे. माझे किती चुकले, हे मला एकट्याला ठरवता येत नाही. ज्यांनी इथवर वाचले त्यांनी मला सांगावे.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका डोंबिवलीला कशाला गेले होते, ते.

मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी तिघांचे पत्ते मागितले होते. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, आभार मानायला घरी जात असेल. ते आभार मानायला गेले नव्हते. लोकांनी प्रकरण वाचलंय, पण जाहीर उत्तर द्यायला संकोचतायत, असं त्यांना वाटलं होतं. समोर बसलं तर सांगतील. दोन घरांतून चहा, पोहे आणि कौतुक घेऊन ते निघाले. तिसरं घर रेगेबाईंचं. तिथे त्यांनी धीर करून ती शेवटची ओळ दाखवायला त्यांचीच प्रत उघडली.

मला आणखी एक आठवलं. ग्रुपचा नियम काकांनी खराच मानला होता. वाट्याला आलेलं पुस्तक ते दोनदा वाचायचे आणि फुलस्केपवर लिहून पाठवायचे. काय आवडलं, कुठे पटलं नाही, पान नंबरांसकट. रेगेबाईंच्या संग्रहातल्या दोन कविता एकाच कवितेच्या दोन प्रती वाटतात, असंही त्यांनी लिहिलं होतं. मी ते टाइप करताना गाळलं आणि त्याजागी 'मनाला भिडणारे शब्द' असं टाकलं. काकांनी विचारल्यावर म्हटलं, तिथे शब्दांची मर्यादा असते, जागा कमी होती. त्यांनी ते मान्य केलं. मीही त्यांना एक नसलेला नियम सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी मी मोहन्याला गेले. काका आता कारखान्याच्या मागच्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये राहतात. काकी नाहीत, मुलगी शेजारच्या विंगमध्ये आहे. टेबलावर ग्रुपमधल्या लोकांची पुस्तकं होती, प्रत्येकात कागदाचे कपटे खोवलेले. मी बदलून द्यायच्या नीट प्रती आणल्या होत्या. त्या बाहेर काढायच्या आधीच बोलून टाकलं, कारण नंतर जमलं नसतं. पंचवीसही प्रती तशाच आहेत. ज्यांनी लिहिलं त्यांनी वाचलेलं नाही, माझ्या टिपणातून उतरवलंय. आणि टिपण लिहिणारीनेही वाचलं नव्हतं.

काकांनी चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजे नामदेवबद्दल कोणालाच काय माहीत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मी वाट बघत बसलेलो." ते स्वतःशीच जरासे हसले. "तुम्ही वाचलं नव्हतं म्हणालात. आता?"

"काल वाचलं."

"मग सांगा."

वीस वर्षं मी लेखकांशी बोलतेय. काय बोललं की माणूस खूश होतो ते मला पाठ आहे. परिस्थिती तशी होती काका, तुमच्या जागी कोणीही तेच केलं असतं, हे वाक्य जिभेवर आलंही होतं. ते गिळलं.

"चुकलं, काका," मी म्हटलं. "जागा नव्हती हे कळतं. पण जागा नाही, एवढं खरं सांगितलं असतंत तर तो रागावून गेला असता आणि कधीतरी परत आला असता. तुम्ही त्याला गेटबाहेर उभं केलंत."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं झालं. माझी बायको जाईपर्यंत म्हणत होती, सोडा आता." मग उठून चहा ठेवायला गेले. मी बाहेर बसून रडले. माझ्या त्या सात ओळींमधलं एक वाक्य 'वाचताना अश्रू आवरत नाहीत' असं होतं. तो रिव्ह्यू मी तिथेच फोनवरून काढून टाकला.

निघताना विचारलं, ग्रुपकडून त्या प्रती परत मागवू ना? काका नको म्हणाले. राहू देत त्यांच्याकडे. कोणी खरंच वाचलं तर फोन येईल, तेव्हा बदलून द्या.

ग्रुपवर मी सगळं जसंच्या तसं लिहिलं, माझ्या नावापासून सुरुवात करून. फक्त सोळा पानांबद्दल लिहिलं नाही, काकांनी नको म्हटलं होतं. यापुढे टिपण मिळणार नाही, वाचून लिहायचं, नाहीतर लिहायचं नाही, असं कळवलं.  मग दोन अंगठे आले, आणि एकाने चार मिनिटांत दिवाळी अंकाची जाहिरात टाकली. महिन्याभरात नऊ जण ग्रुप सोडून गेले. आता एका पुस्तकाला दोन किंवा तीन रिव्ह्यू येतात, तेही उशिरा. नाडकर्णी सर दर महिन्याला आकडा विचारतात आणि मी सांगते. इतर प्रकाशक मला काही विचारत नाहीत.

त्या पंचवीस प्रतींबद्दल सात-आठ महिने फोन आला नाही. रेगेबाईंचाही नाही.

मग एका दुपारी ऑफिसच्या नंबरवर एका बाईंचा फोन आला. बाळकुमच्या कॉम्प्लेक्समधून बोलत होत्या. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक पुस्तकांचं कपाट आहे, त्यात हे पुस्तक कोणीतरी आणून ठेवलेलं. आमच्या ग्रुपातले एक कादंबरीकार त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात. डोळे पाणावलेल्या दोघांपैकी एक. बाई जरा चिडलेल्याच होत्या.

"अहो, ऐंशीनंतर परत पासष्ट येतंय. तो नामदेव गावाहून यायला निघाला इथपर्यंत आहे, पुढचं नाहीच. त्याचं झालं काय?"

मी म्हटलं, नवी प्रत आजच पाठवते. आणि वाचून झालं की लेखकाचा नंबर देते, त्यांना तुम्हाला एक विचारायचंय.

दहा दिवसांनी बाईंनी नंबर मागून घेतला. त्या काकांशी काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ऑनलाइन त्यांनी काही लिहिलेलं नाही, एक ताराही दिलेला नाही. माझ्या फाइलीत मात्र त्या पुस्तकाच्या रिव्ह्यूंचा आकडा मी अकरावरून खोडून एक केलाय.