हाताला सापडेल असं घर

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना होता. त्याच्या गोदामात कमळा कामाला होती. रिकामे डबे, झाकणं, लेबलं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि मागितलं की हातात द्यायचं, हे तिचं काम. घर मिरकरवाड्यात. नवरा आनंदा एका ट्रॉलरवर खलाशी, सासू हौसा बाजारात मासे विकायची. सासू-सुनांचं एरवी बरं होतं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर कारखान्याला नवे मॅनेजर आले. त्यांचं सामान सांगलीहून ट्रकने आलं आणि नेमकी त्यांची बायको तापाने आडवी झाली. खोकी तशीच ओसरीवर पडली. साहेबांनी गोदामातून कुणालातरी पाठवा म्हणून निरोप दिला आणि कमळा गेली.

तिने खोकी लगेच उघडली नाहीत. खाटेशी बसून विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे सकाळी आधी कोण उठतं?"

"सासरे. त्यांचे ते चहा करून घेतात."

"त्यांचा हात किती वर पोचतो?"

वहिनींना तापातही हसू आलं. पण संध्याकाळी त्या उठून स्वयंपाकघरात आल्या तेव्हा चहाचं सगळं सासऱ्यांच्या छातीच्या उंचीवर एका ठिकाणी होतं, रोजची भांडी ओट्याजवळ, सणावाराची वरच्या फळीवर. मुलांची दप्तरं ठेवायला तिने खोक्याच्याच फळ्यांची कोनाड्यात बसेल अशी मांडणी करून घेतली होती. वहिनींनी ट्रंकेतून एक साडी काढली.

"साडी नको, वहिनी," कमळा म्हणाली. "कामाचे पैसे द्या. आणि तुमच्या ओळखीत सांगा, मी घरं लावून देते म्हणून."

हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेली, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर तिला वाटलं, आपण बोललो ते बरोबरच बोललो. रविवार आपला असतो. हे काम आपल्याला येतं, आवडतं. मग करायचं.

घरी हौसाने ऐकलं आणि ती मासे कापायची थांबली. "नोकरी हाय ना गो तुला? मग लोकांच्या घरातला केर कशाला काढतेस?"

"केर नाय काढत, आये. कुठली वस्तू कुठे असावी ते बघते."

"ते काय काम झालं? त्याला कोण बोलावणार?"

हौसाचं फारसं चुकीचं नव्हतं. वहिनींनी चार घरी सांगितलं, तेव्हा तीन घरच्यांना वाटलं, भांडी घासायला बाई मिळाली. एका घरात तिला माजघर दाखवलं, माळा दाखवला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घरच्या बाई आडव्या उभ्या राहिल्या. "आतलं आमचं आम्ही बघू. तू बाहेरचं आवर."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कमळाला विचारावं लागलं नाही. खारव्याची, मासे मारणाऱ्या घरची सून स्वयंपाकघरात नको होती.

"घर अर्धं लावता येत नाही, बाई," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. मारुती मंदिरापर्यंत तिचे कान तापलेलेच होते. त्या रविवारी तिने बाजारात जाऊन सासूबरोबर मासे विकले. पुढच्या रविवारी पुन्हा पिशवी घेऊन निघाली.

असे काही महिने गेले. थोडी कामं मिळाली, थोडी हुकली. मग फाल्गुनात वहिनींनी तिला माळनाक्याला गंगाबाईंकडे पाठवलं.

गंगाबाई निवृत्त नर्स. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नोकरीची सगळी वर्षं तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर बाळंतपणं करत फिरलेल्या. आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं. बाकी काही नाही.

"माझा भाचा महिपत ठाण्याला असतो," त्यांनी कमळाला बसवून सांगितलं. "मे महिन्यात येतोय. घराला कुलूप घालून मला घेऊन जायचं म्हणतो. गेल्या खेपेला माझ्या हातून दूध सांडलेलं त्याने पाहिलं. तो वाईट नाही. पण मला हे घर सोडायचं नाही. माझं मला करता आलं पाहिजे, असं घर लावून दे."

कमळाने होय म्हटलं. त्या रविवारी तिने सगळं स्वयंपाकघर रिकामं केलं. एकसारखे डबे आणले, घासून लखलखीत केले, एका रांगेत मांडले. शेजारणी बघून गेल्या. कमळाही खुशीत घरी गेली.

पुढच्या रविवारी दार उघडलं तेव्हा गंगाबाईंच्या बोटाला पट्टी होती. कोपऱ्यात फुटलेल्या बरणीचे तुकडे लोटून ठेवलेले.

"आमटीत साखर पडली," त्या म्हणाल्या. "सगळे डबे सारखे. मोजत जाते, तर मधेच विसरते. कमळा, तू हे घर बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी लावलंस. मला डोळे नाहीत."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून कमळाला जास्तच लागलं. जुन्या पातळाचं एक फडकं घेऊन तिने स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं.

"बाई, आता तुम्ही सांगा. मी चहा करते."

तो चहा झाला नाही. कमळाचं डोकं फळीच्या कडेवर आपटलं, काडेपेटी ओल्या ओट्यावर पडली, आणि मोरीच्या वाटेवर ती पाटाला अडखळून गुडघ्यावर आली. गंगाबाई पलीकडून सांगत होत्या, "भिंत सोडू नको. पाय उचलू नको, सरकव." डोळ्यांवरचं फडकं सोडलं तेव्हा दोघी दमल्या होत्या आणि दोघींना हसू आवरत नव्हतं.

तिथून खरं काम सुरू झालं. एकसारखे डबे कमळाने माळ्यावर टाकले. साखर पितळी डब्यात, मीठ चिनी मातीच्या बरणीत, चहा पत्र्याच्या चौकोनी डब्यात, म्हणजे हात लागला की वस्तू कळावी. तिखट तिने गंगाबाईंच्या सांगण्यावरून पार वेगळ्या फळीवर नेलं. चालण्याच्या वाटेतला प्रत्येक पाट, प्रत्येक पिंप भिंतीला लावलं. फळीच्या टोकदार कडा सुताराकडून घासून घेतल्या.

अडलं ते परसात. मागच्या दारापासून विहीर आणि संडास थोडे लांब होते, मधे चिऱ्याच्या उंचसखल पायऱ्या. घरात भिंत होती, इथे धरायला काहीच नाही. कमळाने हे घरी सांगितलं तेव्हा आनंदा जाळं विणत होता.

"दोरी बांध की," तो म्हणाला. "समुद्रात काळोखात आम्हाला तरी काय दिसतं? हाताखाली दोरी असली की माणूस नीट चालतो."

बोट डागडुजीसाठी जेटीला लागली होती, त्या सकाळी तो स्वतः आला. माडापासून माडापर्यंत कमरेच्या उंचीवर त्याने जाड दोरी ओढली. पायरी जवळ आली की एक गाठ, विहिरीकडे वळायचं तिथे दोन गाठी. गंगाबाईंनी हात फिरवत एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्या बोलत बोलत चालल्या.

एवढ्यात आंब्याचा हंगाम आला आणि कारखान्यातल्या रविवारच्या सुट्ट्या बंद झाल्या. गाड्या भरभरून आंबे येत होते, गोदामात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घर अजून अर्धं राहिलं होतं. कमळा सुपरवायझर आत्माराम यांच्याकडे गेली.

"मला दुपारची पाळी द्या."

"दुपारची कुणी मागून घेत नाही. घरी कधी पोचशील?"

"ते मी बघते. सकाळ मला हवी आहे. मी एक काम अंगावर घेतलंय."

"त्या बाहेरच्या कामापायी इथलं बिघडलं तर?"

"बिघडलं तर पाळी परत बदला."

आत्मारामांनी पाळी बदलून दिली. मग ती रोज उजाडताना मिरकरवाड्याहून चालत माळनाक्याला जायची, तिथून मिरजोळ्याची एसटी पकडायची. तिचे डोळे खोल गेले. हौसा आता भाकरीबरोबर तळलेल्या माशाचा मोठा तुकडा कमळाच्या डब्यात घालू लागली.

सकाळच्या त्या वेळात काम मांडण्याचं कमी आणि सवयीचं जास्त होतं. गंगाबाई भात टाकायच्या, कमळा नुसती दारात उभी राहायची. मदतीला हात पुढे व्हायचा, तो ती मागे घ्यायची. ते तिला सगळ्यात कठीण गेलं.

महिपत बायकोला घेऊन आला. पोरगेलासा नव्हता, चाळिशीचा, बँकेत नोकरीला असलेला शांत माणूस. परसातली दोरी पाहून तो म्हणाला, "आत्या, हे घर आहे की जहाज?"

"बस. चहा करते," गंगाबाई म्हणाल्या.

कमळा तेव्हा तिथेच होती. गंगाबाईंनी स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, हात साखरेकडे नेला, आणि हात तिथेच थांबला. जागा रिकामी होती. त्या बाजूला चाचपडू लागल्या. एक वाटी घरंगळली.

महिपत उठला. "हे बघ, आत्या. म्हणूनच मी म्हणतो..."

"थांबा," कमळा म्हणाली. "साखरेचा डबा इथून कुणी हलवला?"

महिपतची बायको ओशाळून पुढे आली. "मी. फळी पुसायला घेतली होती. खिडकीत ठेवला."

कमळाने डबा आणून जागेवर ठेवला आणि बाजूला झाली. "आता करा, बाई."

चहा झाला. चारी कप भरले गेले, एक थेंब बाहेर नाही. महिपतने तो प्यायला, पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

"आज झालं," तो म्हणाला. "उद्या पडलीस तर? लोक म्हणतील, म्हातारीला एकटीला टाकलं. बाबांना मी शब्द दिलाय, आत्याला बघीन म्हणून."

मग कळलं की त्याची अडचण सांडलेल्या दुधाची नव्हतीच. गंगाबाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या.

"तुझ्या बापाला मी ओळखते. माझा भाऊच तो. त्याने बघ म्हटलं, उचलून ने म्हटलं नाही. लोकांना सांग, आत्याच येत नाही. आणि पडले तर पडले, ठाण्यात काय कुणी पडत नाही?"

कमळा हळूच म्हणाली, "सुट्टी आहे तोवर राहून बघा, साहेब. फक्त वस्तू हलवू नका."

ते राहिले. महिपत पहिले दोन दिवस आत्याच्या मागे मागे फिरला. मग एका सकाळी तो उशिरा उठला तर गंगाबाई आंघोळ करून, धुणं वाळत घालून, त्याच्यासाठी घावणे करत बसलेल्या. त्याने ते पोटभर खाल्ले. निघताना त्याने कमळाला फाटकाशी गाठलं.

"दर आठवड्याला एक फेरी मारशील? घर बघायला. आत्याला बघायला म्हटलं तर ती चिडेल. दिवाळीला मात्र ती ठाण्याला येणार, तसं कबूल करून घेतलंय."

"मारीन," कमळा म्हणाली.

गंगाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या घरात राहिल्या. एकदा पडल्याही, उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत कमळाने सगळ्या वस्तू डाव्या हाताला येतील अशा लावून दिल्या.

आणि कामं येऊ लागली. अर्धांगवायू झालेल्या एका मास्तरांचं घर, मुंबईकरांची वर्षभर बंद असलेली घरं, एका घराच्या वाटणीनंतर दोन सुनांची दोन स्वयंपाकघरं. बाजारात मासे तोलताना हौसा गिऱ्हाइकांना सांगायला लागली, "घरात काय सापडत नाय? मग माझ्या सुनेला बोलवा. पण आधी सांगून ठेवते, ती केर काढत नाय."

कारखान्याने पुढे कमळाला गोदामाची मुख्य केलं. मॅनेजरांनी विचारलं, आता ते बाहेरचं काम सोडणार ना?

"इथलं काम सहा दिवस चोख होईल, साहेब," ती म्हणाली. "रविवार माझा."

साहेबांनी मान डोलावली. त्या रविवारी तिला शिरगावला जायचं होतं. तिथे एकीला जुळी झाली होती आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कमळाने पिशवीत मोजपट्टी टाकली, सुतळीचा गुंडा टाकला, आणि पहिल्या एसटीला निघाली.