येडीचं जाळं

मालगुजारानं मला त्याच्या अंगणात बैलाच्या खुंट्याला बांधलं होतं. भर दुपारी. धानाच्या रोवणीला निघालेली माणसं थांबून बघत होती. कोणी हसलं. एक जण थुंकला.

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, गाळानं तुंबलं की तो आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांनाच बुडी मारायला लावायचा. भरल्या तलावात माझा नवरा उतरला. पाण्याच्या ओढीनं आत खेचला गेला. वर आलाच नाही.

माझं जेवण सुटलं, झोप गेली. दिवसभर मालगुजाराच्या दारात ओरडायचे, "तुमीच मारलं त्याले!" माझं डोकं फिरलं होतं हे खरं. मी ओरडत होते तेही खरं.

"येडी झाली," तो म्हणाला. "नागपूरले नेऊन टाका."

तिथं वेड्यांच्या दवाखान्यात दाराची कडी बाहेरून. माझे केस कापले. सुई टोचली की दिवस कुठं जायचा कळायचं नाही. हातांना जाळं विणायची सवय, म्हणून दोरा मागितला. नर्स घाबरली. तिथं एकीनं पदराचा फास लावून घेतला होता. त्यांनी मला मरू दिलं नाही, एवढे उपकार मी मानते. भूक, झोप परत आली, तसं डॉक्टरांनी दुसरीकडे राहायला पाठवलं.

ते साधं घर होतं. माझ्यासारख्याच काही बाया आणि एक सांभाळणारी बाई. डॉक्टर अधूनमधून यायचे. औषध चालूच होतं, पण पाणी आपण भरायचं, भात आपण रांधायचा. आणि कडी आतून. माझा विश्वास बसेना. पहिला दिवस दाराशीच बसले, बाहेरून कोण लावतं ते बघत. कोणी लावली नाही. बाईंनी सुताची गुंडी माझ्या मांडीवर ठेवली.

"भेऊ नको. विण."

तेव्हा कुठं मी नवऱ्यासाठी रडले. जाळं पुरं झालं आणि ते घेऊन मी गावी निघाले.

गावात तलाव काठोकाठ. आभाळ काळंठिक्कर. तुडुम पुन्हा तुंबलेलं. धाकटा दीर लंगोट कसून तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा आणि मागे छत्रीखाली मालगुजार.

मी दिरावर जाळं फेकलं. जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळून ओढून धरली.

"येडी आली! बांधा तिले!" मालगुजार ओरडला.

गडी दोर घेऊन पुढे आला. मी दोरी सोडली नाही.

"येडी होती, मालक. इलाज करून आली. आता तुमी उतरा तुडुमात."

गडी थबकला. पाणी पाळीला घासत वर चढत होतं.

पाळ फुटेल. फुटो. धान बुडेल. बुडो. माझ्या घरचा माणूस त्या भोकात उतरणार नाही. मला खुंट्याला बांधलं, तर सुटल्यावर मी इथंच येऊन उभी राहीन.