देवमाशाची चिठ्ठी

गिरिजाबाईंना घरी बसवायला मी दोन वर्षं निमित्त शोधत होते. जानेवारीत ते आपण होऊन माझ्या टेबलावर येऊन पडलं. माजी सरपंच रखमाजी आबांच्या सहीचा अर्ज होता आणि खाली सतरा सह्या-अंगठे. गावाचं नाव लिहीत नाही. घनसावंगीहून जीपने पाऊण तास, एवढं पुरे. तिथली भांडणं अजून मिटलेली नाहीत आणि मला दर महिन्याला तिथं जावं लागतं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. माझ्याकडे सव्वीस अंगणवाड्या आहेत. त्यातल्या पंचवीस सेविका मला "हो मॅडम" म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण तोंडावर हो म्हणतात. गिरिजाबाई जे काय म्हणायचं ते तोंडावरच म्हणतात.

वय सत्तावन्न, आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा, कपाळावर कायमची आठी. लेकरांशी गोड बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. "मुडद्यांनो, नाकं पुसा," ही त्यांची सकाळची प्रार्थना. तरी लेकरं तिथंच जातात, रविवारीसुद्धा येऊन कुलूप हलवून बघतात. याचा मला राग यायचा, उगाच कशाला खोटं बोलू?

दिवाळीनंतरच्या बैठकीत त्या महिन्याचा विषय होता, समुद्रातले प्राणी. मी प्रत्येकीला एक रंगीत तक्ता दिला आणि सांगितलं, भिंतीला लावा, रोज एक प्राणी दाखवा. सगळ्यांनी गुंडाळी करून पिशवीत टाकला. गिरिजाबाई उठल्या.

"मॅडम, खेकडा कसा चालतो?"

"आडवा."

"चालून दाखवा की. लेकरू तक्ता बघून चालनं शिकनार हाय का?"

सव्वीस बायका माझ्याकडं बघत होत्या. माझ्या अंगावर इस्त्रीची साडी होती. मी म्हटलं, वेळ नाही. तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या बाईनं पदर खोचला, गुडघ्यात वाकून दोन्ही हातांच्या नांग्या केल्या आणि सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी चालत गेली. बायका पोट धरधरून हसल्या. त्या गिरिजाबाईंना हसत नव्हत्या, मला हसत होत्या. ते मी विसरले नाही.

बाकीच्यांचा समुद्र एका आठवड्यात संपला. गिरिजाबाईंचा जानेवारी आला तरी संपेना. अंगणात खडूनं मोठं रिंगण, तो समुद्र. जुन्या सदऱ्यांच्या सहा बाह्या चिंध्यांनी भरून लेकराच्या कमरेला बांधल्या की त्याचे दोन हात धरून आठ हातांचा ऑक्टोपस. पाठीवर टोपलं बांधलं की कासव. समुद्रघोड्याच्या खिशात पाच शेंगदाणे, ती त्याची पिल्लं, कारण या प्राण्यात बाप पोटात पिल्लं वागवतो. शेंगदाणा खाल्ला तर धपाटा. रिंगणाच्या मधोमध निळी ताडपत्री आणि तिच्याखाली देवमासा.

खेळ असा. देवमासा ताडपत्रीखाली दम धरून पडतो. बाकीचे प्राणी आपापल्या चालीनं रिंगणात फिरतात आणि मोठ्यानं आकडे म्हणतात. दम सुटला की देवमासा 'फूस्स' करून वर येतो. त्या क्षणी समुद्रातल्या सगळ्यांनी खाली बसायचं. जो उभा राहिला तो बुडाला, आणि बुडालेला खिचडीच्या रांगेत शेवटी.

"देवमासा मासा न्हाई," गिरिजाबाई लेकरांवर ओरडून सांगायच्या. "ती बाई हाय. लेकराला दूध पाजती. तिला श्वास घ्यायला वरच यावं लागतं. ती आली की जागा द्या, मुडद्यांनो."

कोण कोणता प्राणी, ते दर सोमवारी चिठ्ठ्या काढून ठरायचं. चिठ्ठीवर अक्षर नाही, चित्र. पत्र्याच्या डब्यात हात घालायचा आणि जे निघेल ते आठवडाभर व्हायचं.

आता मीनाबद्दल सांगते. नोव्हेंबरात आबांचा ऊस तोडायला परजिल्ह्यातून टोळी आली. शिवाराच्या कडेला त्यांच्या झोपड्या पडल्या. त्यातल्या संपत नावाच्या गड्याची ही साडेचार वर्षांची पोरगी. टोळीची लेकरं अंगणवाडीत घ्यायची असतात, म्हणून गिरिजाबाईंनी घेतली. गावातली लेकरं दहा, ती अकरावी. कुणाशी एक शब्द बोलत नव्हती. गावातल्या आया तिला दारातच हटकायच्या, "मागं ऱ्हा गं. आधी आमचं, मंग तुमचं."

डिसेंबरात आबांनी मला गाडी पाठवून बोलावलं आणि हेच रीतसर मागितलं. आधी गावातली लेकरं, मग टोळीतलं. मी म्हटलं, बरं. कागदावर काही लिहिलं नाही, पण बरं म्हटलं. आबांच्या वाड्यावरचा चहा पिऊन, त्यांच्याच गाडीत बसून, वाद नको म्हणून मी हो म्हटलं आणि गिरिजाबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "समद्यातच शेवटी ना? बराबर. एकदा बोलल्या, आता मागं घेऊ नका."

त्यांनी तो नियम तंतोतंत पाळला. खिचडीला मीना शेवटी. वजनकाट्यावर शेवटी. चिठ्ठीलाही शेवटी. आणि लागोपाठ पाच सोमवार देवमासा मीनाला निघाला.

आबांचा नातू ऋषी पाच वर्षांचा. खेकडा होऊन तो तुरुतुरु आडवा चालतोय, ताडपत्रीतून मीना वर येते आणि ऋषी तिच्यासमोर धपकन खाली बसतो, असा व्हिडिओ कुणीतरी काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आबांचा नातू मजुराच्या पोरीपुढे.' दुसऱ्या दिवशी अर्ज तयार. माळकऱ्यांच्या लेकरांना मासे शिकवले, हा पहिला आरोप. बाहेरच्या लोकांना झुकतं माप, हा दुसरा. तिसरा महत्त्वाचा होता: बाई चिठ्ठ्यांत लबाडी करते. चौकशी करून बाईंना काढावं आणि टोळीचं लेकरू बंद करावं.

मी खूश झाले. पाच वेळा लागोपाठ एकाच लेकराला देवमासा निघतो होय? लबाडी उघड होती. मनातल्या मनात मी अहवाल लिहूनसुद्धा टाकला आणि कळवलं, सोमवारी येते, चिठ्ठ्या माझ्यासमोर निघतील.

सोमवारी अंगणात जत्रा भरल्यासारखी माणसं. आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, खुर्ची दिली तरी उभेच. भिंतीपाशी मीना आणि तिचा बाप संपत. तो मला बघून पुढं आला.

"मॅडम, पोरीला उद्यापासून न्हाई धाडत. आमच्यापायी बाईंना तरास नको. मुकादमबी बोलून राह्यला."

मी काही म्हणायच्या आत गिरिजाबाई कडाडल्या. "तू गप ऱ्हा रे. तुला कोनी इचारलं? जाय, ऊस तोड." संपत मान खाली घालून निघून गेला. त्याला सहानुभूती दाखवावी, तेही या बाईला जमलं नाही.

मी डबा मागून घेतला आणि चिठ्ठ्या ओतल्या. अकरा. दहा वहीच्या पातळ कागदाच्या, एक जाड. जाड उघडली तर देवमासा. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर काढलेला.

"सापडलं," मी म्हटलं. "ही वेगळी का?"

"जनावर मोठं, म्हनून कागद मोठा."

"हाताला ओळखू येते."

"येती की. पर मी कुठं हात घालते? पोरं घालतात. अन् ती पोरगी तुमच्या हुकमानं शेवटी."

खरंच, ओळखू येणारी चिठ्ठी असेल तर पहिल्या लेकरानंच उचलायला हवी. मी पातळ कागद मागवणार, तेवढ्यात आबा पुढं झाले. त्यांनी जाड चिठ्ठी बोटांत घोळवून बघितली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"राहू द्या मॅडम, आहे तेच राहू द्या. आपली काही हरकत न्हाई." मग ऋषीला जवळ ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या कानात सांगितलं, "जाड कागद काढायचा. समजलं का? जाड."

लबाडीची तक्रार करणारा माणूस माझ्यादेखत लबाडी शिकवत होता आणि मी, चौकशी अधिकारी, खाली बघून चिठ्ठ्या पुन्हा डब्यात भरत होते. आबांशी कोण भांडणार? शिवाय ऋषीला देवमासा मिळाला तर गाव शांत होणार होतं आणि माझा अहवाल तयारच होता.

मी रिंगणात उभी राहून डबा धरला. गिरिजाबाई मुद्दाम लांब, चुलीजवळ जाऊन बसल्या. पहिला ऋषी. त्यानं हात घातला. डबा माझ्या हातात, मला वरून सगळं दिसत होतं. त्याची बोटं जाड चिठ्ठीवर पडली. त्यानं ती धरली. आजोबांकडं बघितलं. आणि सोडून दिली. शेजारची पातळ उचलली.

"खेकडा!" तो ओरडला.

दुसरं लेकरू आलं. त्याचा हात जाड चिठ्ठीला लागला आणि चटका बसावा तसा बाजूला झाला. तिसरं, चौथं, सातवं. जान्हवी नावाच्या चिमुरडीनं तर जाड चिठ्ठी दोन बोटांनी तळाशी सरकवून ठेवली, धक्का लागू नये म्हणून. दहा लेकरांनी दहा पातळ कागद काढले. डब्यात एकच चिठ्ठी उरली.

मीनानं ती काढली. उघडूनही बघितली नाही. सरळ ताडपत्रीकडं चालायला लागली.

आबांचा चेहरा लालबुंद झाला. ते रिंगणात घुसले आणि त्यांनी ऋषीचा दंड धरला. "जाड कागद सांगितल्ता ना तुला?"

"सांगितल्ता."

"मंग?"

"मी देवमासा झालो की आकडे बाराच होतात, आबा. लगेच दम सुटतो. मंग फिरायलाच भेटत न्हाई." दंड सोडवून घेत तो म्हणाला, "ती लई दम धरती. तिच्यावर मजा येती."

एवढंच कारण होतं. दया नाही, माया नाही. ती चांगली खेळते, म्हणून चांगली जागा तिला. दहा लेकरांनी हे कुणी न सांगता ठरवलं होतं आणि आम्ही मोठ्यांनी त्यावर अर्ज, सह्या, चौकशी केली होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो.

आबा काही बोलणार, तर आकडे सुरू झाले. लेकरांना माणसांशी घेणंदेणं नव्हतं. खेकडा आडवा पळाला, ऑक्टोपसाच्या बाह्या उडाल्या. एक, दोन, तीन. विसाच्या पुढचे आकडे या लेकरांना कुठून येतात, हे मला भेटीत कधी कळलं नव्हतं, आत्ता कळलं. माझ्या सव्वीस अंगणवाड्यांत एवढं मोजणारी लेकरं दुसरीकडं नाहीत. तीस. एकतीस. ताडपत्री हलतसुद्धा नव्हती. अडतीस. काही बायका ओठ हलवून मोजत होत्या. त्रेचाळीस.

फूस्स!

मीना उभी राहिली, केस विस्कटलेले, हात वर. दहाच्या दहा लेकरं खाली बसली. खडूच्या रिंगणात उभे राहिलो दोघंच, आबा आणि मी.

"आबा बुडाले!" ऋषी टाळ्या पिटत ओरडला. मग माझ्याकडं बोट केलं. "मॅडमबी बुडाल्या!"

सगळं गाव बघत होतं. आबांनी नातवाला बखोटीला धरून उचललं आणि चालते झाले. ऋषी रडत होता, त्याला खेकडा पूर्ण करायचा होता. दुसऱ्या दिवसापासून पिवळी व्हॅन त्याला वडीगोद्रीला नर्सरीत नेऊ लागली. परत आला नाही.

गर्दी पांगल्यावर मी चुलीपाशी गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या सोमवारीच कळ्ळं."

"मग पातळ कागद का नाही केला?"

"का करू?" त्यांनी खिचडी ढवळली. "तुम्ही तिला शेवटी उभी केली. शेवटी काय उरंल, ते माझ्या लेकरांनी ठरवलं."

मी अहवाल काढला आणि तिथंच बसून लिहिला: चिठ्ठ्या समक्ष काढल्या, आरोपात तथ्य नाही, लेकरू चालू ठेवावं. आबांनी जाड कागद सांगितला होता, ते लिहिलं नाही. तेवढा दम माझ्यात नव्हता. गिरिजाबाईंनी वाचलं, आभारबिभार काही नाही.

"खिचडी चाखून सही करायची ऱ्हायली तुमची," त्या म्हणाल्या.

"मग वाढा."

"रांगेत या. बुडालेलं शेवटी." पळी हलवत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अन् नियम तुमचाच हाय. आधी गावातली, मंग बाहेरची. तुम्ही कुठल्या?"

"जालन्याची."

"मंग जा की मागं."

मी ताटली घेतली आणि रांगेच्या टोकाला, मीनाच्या मागं जाऊन उभी राहिले. आजवर तिच्या मागं फक्त भिंत असायची. तिनं वळून बघितलं. माझी साडी, पर्स, गळ्यातलं ओळखपत्र, सगळं नीट बघितलं. दोन महिने मी त्या पोरीचा शब्द ऐकला नव्हता. तिनं हात पुढं केला, माझ्या पोटावर ठेवला आणि मला मागं ढकललं.

"मागं ऱ्हा गं," ती म्हणाली. "आधी आमचं, मंग तुमचं."

मी भिंतीपर्यंत मागं सरकले.