सगुणाचा तिसरा कौल

गोव्यातल्या केरीचा सगुण जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात पॅकिंगला होता, पण स्वतःला शूटिंगवालाच समजायचा. किनाऱ्यावर उतरलेल्या एका रशियनाचा जुना कॅमेरा त्याने घासाघीस करून घेतला आणि तेव्हापासून गावातलं एकही बारसं त्याच्या तावडीतून सुटलं नाही. बोलावणं नसलं तरी हा हजर.

यंदा मात्र खरंच काम आलं. त्याची बायको रत्ना तीस वर्षं गावच्या फुगडीत पुढे; गाणं तिचं, ताल तिचा, नाव पथकाचं. पणजीच्या एका मंडळाने स्पर्धा ठेवली होती. आधी व्हिडिओ पाठवायचा, त्यातून निवडलेली पथकं मंचावर. त्या मंचावर एकदा उभं राहावं, एवढंच रत्नाला हवं होतं.

शूटिंग झालं. आता ते कापून जोडायला सॉफ्टवेअर हवं. बाजारातल्या स्टुडिओवाल्या योगेशने सांगितलं, नवशिक्याला वर्षाला बाराशेंचं पुरे. फुकटचंही मिळतं, पण त्याच्या अटी वाचून घ्या. बाराशे ऐकूनच सगुणाचे कान बंद झाले. कॅमेऱ्याच्या पिशवीवर स्वतःचं नाव भरतकामात काढून घ्यायला याच माणसाने दोन हजार मोजले होते.

तरी मनात कुठेतरी खुपत होतं. मग अडलं की गावात जे करतात तेच त्याने केलं. रत्नाला घेऊन देवळात गेला आणि भिकाजी गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या अंगावर डावीउजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटल्या; उजवी आधी पडली तर होकार.

"इकतचा घेवचा आसात तर उजवी दी," सगुण म्हणाला.

उजवी पडली. देवाला प्रश्न नीट कळला नसावा, असं सगुणाचं मत पडलं. पुन्हा कौल, पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा त्याने प्रश्नच फिरवला. "ह्या येळेक फुकटचा चलात काय?" उजवीच पडली. देवही कंटाळला असेल. भिकाजी तर उघड उघड जांभया देत होता.

फुकटच्या सॉफ्टवेअरची खोड अशी की काम चालू असेपर्यंत ते गुमान असतं, व्हिडिओ तयार झाला की त्यावर आपला शिक्का मारतं. शेवटची तारीख, म्हणून सगुणाने न बघताच पाठवून दिला. मग पथकातल्या सगळ्या बायकांना घरी बोलावून मोठ्या ऐटीत टीव्हीवर लावला.

आयुष्यात एक गोष्ट त्याने चोख केली होती. रत्नाला पहिल्यापासून शेवटपर्यंत चौकटीच्या मधोमध ठेवलं होतं. शिक्काही मधोमधच होता. नऊ बायका स्वच्छ दिसत होत्या आणि दहाव्या बाईच्या तोंडावर सॉफ्टवेअरचं नाव.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप आला. चित्रावर अक्षरं चालत नाहीत, पथक बाद.

"देवानच कौल दिल्लो," सगुण पुटपुटला.

रत्ना भात वाढत होती. हात थांबला नाही.

"देवाक तीनदा इचारलात," ती म्हणाली. "मी तुमच्या मागेच उभी होतंय. माका एकदाव इचारूक नाय."